फौजेचा पगार आणि मराठी राज्य

शिवकालीन घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा व हत्यार सरकारी पागेतून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, आणि दोघांचे वेतन शक्यतो रोख किंवा वरातीने, म्हणजे तिजोरीवर काढलेल्या देयकाच्या हुकमाने, चुकते होत असे. मोहिमेतील लूट सरकारजमा करण्याची सक्ती असल्याने फौजेचा खर्च आणि फौजेची मिळकत एकाच हिशेबात येत, आणि या व्यवस्थेचे खरे बळ तेच होते.

राजारामाच्या काळात, तिजोरी रिकामी आणि मोगलांचा दाब प्रचंड असताना, सरदारांना सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला महसुली मुलूख, देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. 1719 मध्ये मोगल बादशहाकडून चौथाईच्या, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा वसूल करण्याच्या, सनदा मिळाल्यावर पेशवा बालाजी विश्वनाथाच्या वाटणीत चौथाईपैकी 25 टक्के राजबाबती म्हणून छत्रपतींकडे, तर 66 टक्के मोकासा म्हणून सरदारांकडे गेले. फौज वाढली, पण तिचा पगार देणारा हात सरदाराचा झाला, आणि शिपायाची निष्ठाही त्याच हाताकडे वळली.

कवायती पायदळाने हा प्रश्न अधिक बिकट केला, कारण लुटीच्या आशेवर काही काळ तग धरणाऱ्या शिलेदाराप्रमाणे बंदूकधारी गारदी थांबू शकत नव्हता. त्याला ठरलेल्या वेळी रोख पैसाच लागे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात शिरून नारायणराव पेशव्यांचा खून करणारे गारदी थकलेल्या पगाराची ओरड करीतच आत आले होते; त्यामागील कारस्थान वेगळे असले, तरी त्या ओरडीत अशक्य असे काही नव्हते, ही बाब राज्याच्या आर्थिक अवस्थेवर पुरेसा प्रकाश टाकते.

महादजी शिंद्यांनी युरोपीय सेनानी द बॉइनच्या हाताखाली उभारलेल्या कंपूंनी, म्हणजे कवायती पलटणींनी, 1790 मध्ये पाटण आणि मेडता येथे राजपूत फौजांचा पराभव केला, आणि त्यांच्या पगारासाठी दुआबातील सुपीक मुलूख जायदाद म्हणून तोडून देऊन वसुलीचे कामही द बॉइनकडेच सोपवण्यात आले. त्यामुळे पगार वेळेवर मिळू लागला; परंतु सेनापती आणि महसूलदार एकच झाल्याने राज्याच्या सर्वांत बलाढ्य सैन्याची नाडी एका परकीय अधिकाऱ्याच्या हाती गेली. महादजींच्या पश्चात त्यांचे वारस दौलतराव यांचे प्रचंड लष्कर पुण्यात तळ देऊन बसले, त्याच्या खर्चासाठी कबूल केलेली रक्कम दुसऱ्या बाजीरावाला देता आली नाही, आणि 1798 मध्ये दौलतरावांचा कारभारी सर्जेराव घाटगे याने शहरातील सावकार व धनिकांना छळून पैसा उकळला. ज्या रयतेच्या रक्षणासाठी फौज असते, तिच्यावरच फौजेची उपासमार कोसळली.

पगारासाठी मुलूख तोडून देण्याची हीच रीत अखेर परक्या सत्तेपर्यंत गेली: 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहाने पेशव्याने इंग्रजांचे किमान 6,000 तैनाती पायदळ स्वीकारले, आणि त्याच्या खर्चासाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीच्या हवाली केला.