चालणारे देव : कांगडा, चंबा, कुलू आणि लाहौल

हिमालयाच्या पश्चिम भागात रावी, बियास आणि चिनाब ह्या तीन नद्यांच्या उगमांचा जो डोंगरी मुलूख आहे, त्याला आज हिमाचल प्रदेश हे नाव आहे. प्राचीन ग्रंथांत ह्याच नद्या इरावती, विपाशा आणि चंद्रभागा ह्या नावांनी येतात. लहान लहान संस्थाने एकत्र येऊन १५ एप्रिल १९४८ रोजी हा प्रांत अस्तित्वात आला. कांगडा, कुलू आणि लाहौल हे भाग त्याला १९६६ साली जोडले गेले आणि २५ जानेवारी १९७१ रोजी त्याला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला. तथापि ह्या भूमीची खरी ओळख तिच्या देवळांत व डोंगरी लोकांच्या चालीरीतींत आहे. खोऱ्याखोऱ्यांतून प्रवास करणाऱ्यास येथे एक विलक्षण गोष्ट दिसून येते. माणूस देवाच्या दर्शनास जातो हे सर्वत्रच आहे. ह्या पहाडांत देवही माणसाच्या खांद्यावर बसून प्रवासास निघतो.

पठाणकोटकडून येणारा प्रवासी प्रथम कांगड्याच्या खोऱ्यात उतरतो. उत्तरेस धौलाधारची हिमाच्छादित भिंत उभी असते आणि तिच्या पायथ्याशी भातशेतीची हिरवी पायरी पसरलेली असते. येथे मसरूर येथील देवळे एकाच खडकातून कोरून काढलेली आहेत. वेरूळचे कैलास लेणे ज्या आठव्या शतकात घडले, साधारण त्याच काळातले हे काम होय. दूरच्या दोन प्रदेशांतील कारागिरांनी डोंगर कोरून देऊळ घडविण्याची कल्पना एकाच युगात साकार करावी, हे मराठी वाचकास कौतुकास्पद वाटल्यावाचून राहणार नाही. पुढे बैजनाथ येथे शिवाचे पाषाणमंदिर आहे. ते अहुक आणि मन्युक ह्या दोघा व्यापारी बंधूंनी १२०४ साली उभारले, असे तेथील शिलालेख सांगतो.

ह्याच खोऱ्यात ४ एप्रिल १९०५ रोजी पहाटे भीषण भूकंप झाला. सुमारे वीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. १००९ साली गझनीच्या महमुदाने लुटलेले नगरकोटचे वज्रेश्वरीचे मंदिर, जे लुटीनंतरही पुन्हा उभे राहिले होते, ते ह्या भूकंपात कोसळले. बैजनाथचे मंदिर मात्र तगून राहिले. वज्रेश्वरीचे मंदिर लोकांनी पुन्हा बांधले. देऊळ पडते, परंतु ते बांधणारे हात शिल्लक असतील तर देव निराधार होत नाही, हा ह्या प्रदेशाच्या इतिहासाचा पहिला धडा होय.

धौलाधार ओलांडली की रावीचे खोरे लागते. तेथील भरमौर हे गाव म्हणजे प्राचीन ब्रह्मपूर. सुमारे इ. स. ७०० च्या सुमारास मेरुवर्मा हा राजा येथे राज्य करीत होता. त्याने करविलेल्या लक्षणादेवी, नरसिंह, गणेश व नंदी ह्यांच्या धातुमूर्ती अद्याप तेथे आहेत. लक्षणादेवीचे देवालय लाकडी असून त्याच्या दर्शनी भागावरील कोरीव काम तेराशे हिवाळे सोसून उभे आहे. विशेष हे की, ह्या मूर्तींवरील लेखांत राजाच्या नावाबरोबर त्या घडविणाऱ्या कारागिराचेही नाव आले आहे. गुग्ग हे त्याचे नाव. ज्या काळात कारागिराचे नाव सहसा कोणी नोंदवीत नसे, त्या काळी ह्या श्रमिकाचे नाव देवीच्या चरणाशी कोरले गेले. पुढे दहाव्या शतकात साहिलवर्म्याने राजधानी चंबा येथे हलविली आणि तेथे लक्ष्मीनारायणाची मंदिरे झाली. पण भरमौर हे शिवभूमी म्हणूनच पूज्य राहिले.

भरमौरच्या परिसरात गद्दी लोक राहतात. मेंढ्या आणि बकऱ्या हे त्यांचे धन. लोकरीचा चोळा आणि कमरेभोवती अनेक वेढे घेतलेला काळ्या लोकरीचा दोर हा त्यांचा पारंपरिक वेष. थंडीत ते कळप घेऊन कांगड्याच्या सखल भागात उतरतात आणि उन्हाळ्यात अवघड घाट चढून लाहौलच्या कुरणांपर्यंत जातात. त्यांचे आराध्य दैवत शिव असून कैलासशिखराखालील मणिमहेश सरोवर हे त्यांचे परम तीर्थ आहे. समुद्रसपाटीपासून तेरा हजार फुटांहून उंच असलेल्या ह्या सरोवरावर गोकुळाष्टमी ते राधाष्टमी ह्या काळात यात्रा भरते. वर्षाचा मोठा भाग वाटेवर घालविणाऱ्या ह्या लोकांना घर कोणते, असे विचारले तर केवळ एका गावाचे नाव पुरेसे होणार नाही. ज्या वाटेने वाडवडील गेले ती सारी वाटच त्यांचे घर आहे.

बियासच्या खोऱ्यात, म्हणजे कुलूत, देवांच्या प्रवासाला संपूर्ण राज्यव्यवस्थेचे रूप आले. सतराव्या शतकाच्या मध्यास तेथे जगत्सिंह राजा होता. एका ब्राह्मणापाशी मोती आहेत अशा खोट्या वार्तेवरून राजाने त्याचा छळ मांडला आणि त्या ब्राह्मणाने कुटुंबासह अग्नीत देह टाकला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. पश्चात्तापदग्ध राजाने अयोध्येहून रघुनाथाची मूर्ती आणविली, सिंहासन तिला अर्पण केले आणि स्वतः सेवक म्हणून राज्य केले. कुलूचा दसरा त्या प्रसंगाशी निगडित आहे. इतरत्र विजयादशमीस उत्सव संपतो. कुलूत त्या दिवशी तो सुरू होऊन सात दिवस चालतो.

त्या वेळी गावोगावचे शेकडो देव धालपूरच्या मैदानावर येतात. लाकडी चौकटीच्या रथावर धातूचे मुखवटे बसविलेले असतात. त्यांना मोहरे म्हणतात. हा रथ चाकांचा नसून खांद्यावर वाहावयाचा असतो. मनालीहून हिडिंबा देवी येते. तिचे देवदाराच्या लाकडाचे देऊळ राजा बहादुरसिंहाने १५५३ साली बांधले. प्रत्येक देवाचा कारभार पाहणारा कारदार असतो, देवाची वाणी बोलणारा गूर असतो आणि वाद्ये वाजविणारे बजंत्री असतात. ह्या भागातील जुनी बांधणीही पाहण्यासारखी आहे. देवदाराच्या तुळया आणि दगड ह्यांचे थर आलटूनपालटून रचावयाचे, मध्ये चुना घालावयाचा नाही. धरणीकंप झाला की अशी भिंत हलते, पण सहसा ढासळत नाही. तेथील समाजाची घडीही काहीशी अशीच आहे.

मात्र ह्या घडीत एक उणेपणही आहे आणि ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्यांच्या ढोलावाचून देवाचा रथ जागचा हलत नाही, त्या बजंत्र्यांपैकी अनेकांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल ठेवता आले नाही. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. पण मनातील उंबरठे कायद्याहून सावकाश झिजतात. जो देव सर्वांच्या श्रमाने चालतो, त्याचे दार सर्वांस मोकळे असावे, हा न्याय पहाडातही पुरता रुजावयाचा आहे.

बियासच्या उगमाशी रोहतांग घाट आहे. त्यापलीकडे लाहौल. बर्फामुळे हे खोरे वर्षातील कित्येक महिने जगापासून तुटलेले असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि ही स्थिती पालटली. लाहौलात तांदी येथे चंद्रा व भागा ह्यांचा संगम होऊन चंद्रभागा वाहू लागते. हे नाव उच्चारताच मराठी माणसाचे मन पंढरीच्या वाळवंटात जाते. संत नामदेवही पंजाबात गेले. ह्या पहाडांच्या दक्षिणेस, रावी व बियास ह्यांच्यामधील मैदानात, घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्यामुळे पावन मानले जाते. त्यांची पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. लाहौलमधील त्रिलोकनाथाच्या देवळात तर एकाच मूर्तीस हिंदू शिव म्हणून आणि बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून वंदन करतात. दोघांची वाट एकाच दाराशी येते आणि तेथे वाद होत नाही.

कोकणात शिमग्याच्या सणात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्यांत त्या कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांना देऊळ गलबतावर चढविता आले नाही आणि पालखीही नेता आली नाही. त्यांनी नेली ती वाहण्याची सवय. उसाच्या मळ्यांत राबून त्यांनी मातीचा गणपती घडविला, झाकरी आणि गोंधळ जिवंत ठेवले, आणि इतर भारतीय बांधवांबरोबर महाशिवरात्रीस कावड खांद्यावर घेऊन गंगा तलावाची वाट धरली. जहाजावर त्यांच्यातील पंक्तिभेद बराच गळून पडला होता. पहाडातील देवळांना जे अद्याप पूर्णपणे साधलेले नाही, त्याचा काही अंश त्यांना विपत्तीने शिकविला.

देव कोठे राहतो ह्या प्रश्नाचे उत्तर पहाडी लोकांनी शतकानुशतके पायांनी दिले आहे. तो वाहणाऱ्यांच्या खांद्यावर राहतो. म्हणूनच प्रत्येक पिढीस आपला खांदा पुढे करावा लागतो, आणि आपल्या शेजारी खांदा देणारा कोणत्या कुळाचा आहे हे विचारणे सोडून द्यावे लागते.