तारेचं दुसरं टोक

वायरमनच्या धंद्यात पहिला धडा एकच. तार हातात घेण्याआधी तिचं दुसरं टोक कुठे गेलंय ते बघायचं. आमच्या मिस्त्रींनी मला तो टेस्टर वापरायच्याही आधी शिकवला. तेव्हा वाटलं, हा जीव वाचवण्यापुरताच आहे. पुढे गिरगाव-काळबादेवीच्या चाळींतून वायरिंग करण्यात उभा जन्म गेला आणि लक्षात आलं, दिव्याचा सगळा इतिहास या एका धड्यात मावतो. दिवा किती उजेड देतो हे सगळेच बघतात. तो कुणाच्या भरवशावर जळतो, हे सहसा कुणी विचारत नाही.

तेलाच्या दिव्याला दुसरं टोक नव्हतं. तेल घालणारा, वात वळणारा आणि दिवेलागणीला ती पेटवणारा, सगळे एकाच घरातले. दिवा वाऱ्याने जायचा, तेल संपलं की जायचा, पण त्याची तक्रार उंबऱ्याच्या आतच मिटायची.

मुंबईत दिवा परस्वाधीन झाला तो १८६५च्या सुमारास, गॅसबरोबर. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून त्याचा वायू काढायचा आणि जमिनीखालच्या नळांतून रस्त्यावरच्या खांबापर्यंत न्यायचा, हे काम बॉम्बे गॅस कंपनीचं. भेंडीबाजार, एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट हे भाग आधी उजळले. दिवे लावणारा माणूस एका खांबाकडून दुसऱ्याकडे निघाला की त्याच्यामागे बघ्यांची गर्दी चालायची. लालबागला 'गॅस कंपनी लेन' अजून आहे. पत्ता सांगताना पोरं ते नाव सहज घेतात. कुठला गॅस, कुणाची कंपनी, हे त्यांना ठाऊक नसतं.

विजेचा दिवा आला तोही माझ्या रोजच्या वाटेवरच. बल्ब, होल्डर, वायरची बंडलं आणायला मी आयुष्यभर लोहार चाळीत जात आलो. तिथून क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा फुले मंडई, चालत चार पावलांवर. मुंबईत विजेचा उजेड पहिल्यांदा पडला तो १८८२ साली या मार्केटात. दुसऱ्या वर्षी म्युनिसिपालिटीने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला की मार्केट आणि काही रस्ते विजेने उजळायचे. त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं आणि मार्केट मुकाट्याने पुन्हा गॅसवर गेलं. आज ज्या बाजारात दिव्यांचे ढीग लागतात, त्याच्या शेजारी विजेचा पहिला संसार असा दोन वर्षांत मोडला.

त्याच १८८२ सालच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनने आपलं वीजघर सुरू केलं. बल्बाचा शोध लोक त्याच्या एकट्याच्या नावावर जमा करतात, ते काही खरं नाही. इंग्लंडात न्यूकॅसलच्या जोसेफ स्वानने १८७९च्या सुरुवातीलाच कोळशाच्या काडीचा दिवा लोकांसमोर पेटवून दाखवला होता, आणि एडिसनचा दिवा धड टिकला तो त्या वर्षीच्या ऑक्टोबरात. पुढे एडिसनने क्योटोजवळच्या यावाताच्या बांबूचे तंतू जाळून त्यांची काजळकाडी केली, ती हजार-बाराशे तास चालली. पण मला विचाराल तर त्याचं खरं डोकं बल्बात दिसत नाही. ते डायनॅमो, जमिनीखालच्या तारा, मीटर, फ्यूज आणि होल्डर यांत दिसतं. बल्ब विकायचा तर आधी दुसरं टोक उभं करावं लागतं, हे त्याने ओळखलं. आपल्या घरांत मात्र त्याचा आट्यांचा होल्डर फारसा आला नाही. इंग्रजांच्या चालीचा दोन पिनांचा होल्डर आपण आजही वापरतो.

बल्ब समजायला फार शिकावं लागत नाही. बारीक तारेतून वीज जाऊ लागली की तार तिला अडवते, त्या अडवणुकीची उष्णता होते आणि तार तापून उजळते. अडचणी दोनच. तार जळता कामा नये आणि वितळता कामा नये. जळू नये म्हणून काचेतली हवा काढली. वितळू नये म्हणून टंगस्टन घेतलं, कारण ते ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतं. पण टंगस्टन ठिसूळ, त्याची तार ओढताना तुटायची. जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम कूलिजने १९१०च्या सुमारास ती ओढून दाखवली. १९१३ साली तिथल्याच अर्व्हिंग लँगम्युरने तारेची गुंडाळी केली, काचेत न जळणारा वायू भरला, आणि आपण शंभर वर्षं वापरला तो पिवळा बल्ब तयार झाला.

आत तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते. तिचे कण हळूहळू उडतात आणि काच आतून काळवंडते. तार एखाद्या जागी बारीक होते आणि तिथेच तुटते. बहुतेक बल्ब बटण दाबताच जातात, कारण थंड तार तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याएवढीच वीज अडवते, म्हणून पहिला झटका मोठा बसतो. दिलेल्या विजेतला जेमतेम पाच टक्के भाग उजेड होतो, बाकी सगळी धग. कोंबडीची पिल्लं उबवणारा शेतकरी हे कुणी न सांगताच जाणून होता.

१९२४ साली बड्या कंपन्यांनी जिनिव्हात 'फीबस' नावाची युती केली आणि बल्बाचं आयुष्य १,००० तासांवर बांधलं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड. लोक याच्या जोडीला कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातला बल्ब सांगतात. तो १९०१ पासून पेटतो आहे. पेटतो हे खरं, पण चार वॅटचा मिणमिणता. तार कमी तापवा, ती जन्मभर टिकेल आणि उजेडही तेवढाच देईल. कंपन्या लबाड होत्या, हे मान्य. पण तारेचा हा हिशेब काही त्यांनी रचलेला नव्हता.

मुंबईच्या विजेचं दुसरं टोक पक्कं झालं ते १९०५ साली, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीमुळे. हीच आपली पहिली बेस्ट. वाडीबंदरला तिचं वीजघर होतं आणि १९०७ पासून तिच्या ट्रामही विजेवर धावू लागल्या. मग टाटांनी सह्याद्रीचा पाऊस अडवला. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतलं पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ साली ती वीज मुंबईत आली. पहिलं गिऱ्हाईक कापडगिरण्या.

पुढचा तलाव मुळशीला ठरला. तिथल्या मावळ्यांची भातखाचरं आणि घरं पाण्याखाली जाणार होती. १९२१च्या रामनवमीला शेतकरी सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती या लढ्यातून. लढा हरला, धरण झालं आणि भिऱ्याच्या वीजघरातून मुंबईला वीज येऊ लागली. गिरगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत पंचवीसचा बल्ब लावताना ही तार मुळशीच्या बुडालेल्या शिवारापर्यंत जाते, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. आयटीआयच्या पुस्तकात ते यायला हवं होतं.

चाळीत बल्ब ही जपायची वस्तू होती. लोहार चाळीतला दुकानदार टेस्टिंगच्या बोर्डावर पेटवून दाखवल्याशिवाय बल्ब द्यायचा नाही आणि गिऱ्हाईक घ्यायचं नाही. घरात बल्ब गेला की लगेच कुणी टाकत नसे. तो हळूच हलवून आतल्या तुटल्या टोकांचा आकडा एकमेकांत अडकवायचा. जमलं तर तार आखूड झाल्यामुळे बल्ब पहिल्याहून झगझगीत पेटायचा आणि चार दिवसांत कायमचा जायचा. रात्रभर 'झीरो'चा बल्ब. तो १५ वॅटपर्यंत वीज खायचा, पण त्याचा हिशेब कुणी करत नसे. मग ट्यूबलाइट आली, तिच्याबरोबर चोक आणि स्टार्टर आले आणि आमचा धंदा वाढला.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. तिथे मुंबईची ही तार पोचायला फार वर्षं लागली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली झालं आणि खांब एकेक गाव करत पुढे सरकले. तोवर रेशनचं रॉकेल, चिमणी, कंदील आणि लग्नकार्यात भाड्याची गॅसबत्ती. खांब आले तरी खेड्यांचं दुखणं पुरतं गेलं नाही. २००५नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत गावात तार होती, होल्डर होता, बल्ब होता, आणि दुसऱ्या टोकाला वीज नव्हती. क्रॉफर्ड मार्केटात १८८४ साली झालं तेच गावोगाव रोज ठरल्या वेळी होऊ लागलं.

सौरदिव्याची ओढ इथून समजते. फार्महाउसवाल्यांची हौस ही नंतरची गोष्ट.

त्याच्या आतले दोन मुख्य भाग दोन वेगळ्या वाटांनी आले. प्रकाशापासून वीज करणारा सिलिकॉनचा सेल अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी १९५४ साली दाखवला. पडलेल्या उन्हातला सहा टक्के भाग तो विजेत बदलायचा. तो इतका महाग होता की १९५८ साली व्हॅनगार्ड उपग्रहावर बसला, पण कुणाच्या अंगणात बसणं शक्य नव्हतं. दुसरा भाग एलईडी. निक होलोन्याकने १९६२ साली लाल उजेडाचा केला, पण पांढऱ्यासाठी निळा हवा होता आणि तो तीस वर्षं कुणाला नीट साधेना. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपान्यांनी तो साधला आणि २०१४ साली त्यांना नोबेल मिळालं. निळ्या चिपवर पिवळी पावडर बसवली की उजेड पांढरा दिसतो. यात तार तापवायची नसते, म्हणून साठच्या पिवळ्या बल्बाचं काम नऊ वॅटचा एलईडी करतो. सरकारी खरेदीत २०१४च्या सुरुवातीला असा बल्ब ३१० रुपयांना पडत होता. 'उजाला' योजनेतून घाऊक खरेदी झाली आणि २०१६मध्ये तो ४०च्या आत आला. लोहार चाळीतली पिवळ्या बल्बाची खोकी बघता बघता मागच्या फळीवर गेली.

बागेत खोचायचा सौरदिवा मी बरेचदा उघडून बघितलाय. वर तळहाताहून लहान पॅनेल, खाली १.२ व्होल्टचा एक चार्जिंगचा सेल, चार पायांची एक चिप, एक कॉइल आणि एक एलईडी. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात आणि सेलकडे असतात सव्वा. हातपंपाने थोडं थोडं पाणी वरच्या टाकीत चढवावं तशी ती चिप आणि कॉइल मिळून सेकंदाला हजारो वेळा वीज वर ढकलतात. अंधार पडला हे कळायला वेगळा डोळा नाही. पॅनेलकडून वीज येणं थांबलं की चिप समजते, दिवेलागण झाली. ना बटण, ना मीटर, ना वायरमन.

माझ्यासारख्याचं पोट मारणाऱ्या वस्तूचं कौतुक मी का करतो, असं पोरं विचारतात. बागेत २३० व्होल्ट न्यायचे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे म्हणून. चर खणायचा, त्यात आर्मर्ड केबल टाकायची, अर्थिंग करायचं, गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवायचा. आणि एवढं करूनही कोकणातल्या पावसात जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरतं. ओल्या पायांनी फिरणाऱ्या लेकरांच्या अंगणात सव्वा व्होल्टचा दिवा केव्हाही बरा. तुळशीपाशी, पायरीच्या कडेला, गोठ्याच्या वाटेवर तो शोभतोही. आणि तेलाच्या दिव्यानंतर प्रथमच असा दिवा आलाय, ज्याच्या रोजच्या जळण्याला दुसरं टोक नाही.

पण त्याची ऐपत ओळखा. ६०० मिलिअँपिअर-तासांच्या त्या सेलमध्ये जेमतेम पाऊण वॅट-तास वीज मावते. घरातला नऊ वॅटचा बल्ब तेवढ्यावर पाच मिनिटंही चालणार नाही. बागेतला दिवा रात्र काढतो तो अगदी थोडा उजेड देऊन. पाय कुठे टाकायचा ते त्यात दिसतं, अभ्यास होत नाही. श्रावणात ढग आठवडाभर हलले नाहीत तर तेही दिसत नाही. मोठ्या प्रमाणावर सूर्याची वीज हवी असेल तर धुळे जिल्ह्यातल्या साक्रीसारखा १२५ मेगावॅटचा प्रकल्प लागतो, म्हणजे पुन्हा खांब आले आणि तार आली. गावाचा रस्ता, दवाखाना, शाळा यांचे दिवे सगळ्यांनी मिळूनच लावायचे असतात. आपल्या अंगणात उजेड पडला म्हणून रस्त्याच्या दिव्यासाठी ग्रामपंचायतीकडे भांडायचं सोडू नका.

आणि एक धंद्यातली गोष्ट. वर्ष-दोन वर्षांत हे दिवे मंदावतात आणि लोक ते कचऱ्यात टाकतात. निम्म्याहून जास्त दिव्यांत बिघाड असा नसतोच. पॅनेलवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. सेलच्या स्प्रिंगवरचा गंज घासून काढा. तरीही पेटला नाही तर त्याच मापाचा आणि चार्जिंगचाच सेल घाला, रिमोटमधला साधा सेल घालू नका. जुना सेल घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. एवढं केलंत तर तोच दिवा आणखी दोन पावसाळे काढेल.