बुरशीची कैफियत

अमरावतीहून मोर्शी-वरूडकडे जाणाऱ्या प्रवाशास संत्र्याच्या बागांतून एक विशेष दृष्टीस पडतो. झाडांची खोडे जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत फिकट निळसर रंगाने माखलेली असतात. हा रंग शोभेचा नव्हे. तो बोर्डो मलम होय. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी, हे त्याचे प्रमाण. दोन्ही द्रव्ये निरनिराळ्या भांड्यांत भिजवावयाची, भांडी लोखंडाची घ्यावयाची नाहीत, आणि अखेरीस त्यांत विळ्याचे पाते बुडवून पाहावयाचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजावे. डिंक्या रोगाने ज्याच्या बागेतील खोडांतून डिंक गळू लागला आहे, त्या बागाइतदारास हा पाठ तोंडपाठ असतो.

या मलमाचा उगम फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत आहे. बोर्डोनजीकच्या मेडॉक प्रांतात वाटेवरच्या द्राक्षांवर चोरांनी हात टाकू नये म्हणून मळेवाले मोरचूद व चुना यांचे पाणी शिंपडीत. केवड्याने इतर वेलींची पाने झडली असता वाटेकडच्या वेली तेवढ्या हिरव्या राहिल्या, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1882 साली हेरले, आणि 1885 साली आपले मिश्रण प्रसिद्ध केले. योगायोग असा की, त्याच 1885 साली जर्मनीत फ्रँक नावाच्या पंडिताने वृक्षांच्या मुळांशी एकजीव होऊन त्यांचे पोषण करणाऱ्या बुरशीस ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. एकाच वर्षी बुरशी मारण्याचे शस्त्रही जन्मास आले आणि बुरशीच्या मैत्रीचा दाखलाही. पैकी शस्त्र वऱ्हाडातील बांधापर्यंत पोहोचले. दाखला मात्र दीर्घकाळ ग्रंथांतच पडून राहिला.

येथे आरोपीच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. द्राक्षांवरील केवडा आणि संत्र्यावरील डिंक्या या दोहोंस कारण होणारे जीव आजच्या शास्त्राच्या मते खऱ्या बुरशीच्या कुळातील नव्हेतच. डिंक्याचा कर्ता फायटोफ्थोरा हा तपकिरी शेवाळांचा दूरचा भाऊबंद ठरला आहे. म्हणजे ज्या अपराधासाठी बुरशीस शिक्षा झाली, तो अपराध निदान या दोन खटल्यांत तरी तिचा नव्हता! तांब्याचे पाणी मात्र असा भेद जाणत नाही.

मैत्रीची बाजू प्रथम मांडली गेली ती वऱ्हाडापासून फार दूर नव्हे. 1924 साली स्थापन झालेल्या इंदूरच्या संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने काडीकचरा व शेण यांपासून खत कुजविण्याची रीत बसविली. त्यांचा ग्रंथ 1931 साली निघाला. त्या संस्थेचे मुख्य पीक कापूस आणि जमीन काळी, म्हणजे वऱ्हाडचीच म्हणा ना. 1940 च्या आपल्या ग्रंथात हॉवर्ड यांनी ह्यूमस व पीक यांच्यामधील सेतू म्हणून मायकोरायझाचे माहात्म्य गाइले. मूळ ही बुरशी पचवून पोसले जाते, ही त्यांची कल्पना अतिशयोक्तीची होती. खरा व्यवहार देवघेवीचा आहे: झाडाने साखर द्यावी, बुरशीने आपल्या सूक्ष्म तंतूंनी दूरचे स्फुरद आणून द्यावे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद अडकून पडते, म्हणून ही सेवा तेथे विशेष मोलाची. उलट, स्फुरदाचे खत वाजवीपेक्षा अधिक ओतले तर झाड आपली ही जुनी मोलकरीण स्वतःच दूर करते.

संत्रावर्गीय झाडे या सेवेवर किती अवलंबून असतात, हे अमेरिकेतील रोपवाटिकांत दिसून आले. रोगनाशासाठी तेथील माती विषारी वायूने शुद्ध केली, तो रोपे खुरटली. वायूबरोबर मायकोरायझाही नाहीशी झाली हेच त्याचे कारण, असे 1972 साली सिद्ध झाले. त्यापूर्वीच, 1932 साली, वाइंडलिंग याने ट्रायकोडर्मा ही बुरशी इतर रोगट बुरशांना गुंडाळून खाते हे दाखविले होते.

विषाचा दुसरा हिशेब माणसाचा आहे. 1958 साली केरळात कीटकनाशकाचा संसर्ग झालेले पीठ खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यातून 1968 चा कीटकनाशक कायदा आला, आणि डब्यांवर लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण छापला जाऊ लागला. यांत पिवळा म्हणजे सौम्य असे अनेकांस वाटते. वस्तुतः तो लालच्या खालोखाल जहाल विषाचा आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मेले, आणि अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे चौकशी आली. ती विषे कीटकांवरील होती, बुरशीवरील नव्हेत. हा भेद सांगणे न्यायाचे आहे. परंतु उघड्या अंगाने फवारणारा मजूर औषधाचे नाव वाचून श्वास घेत नाही.

अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांस 2016 साली पद्मश्री मिळाली, ते आपल्या जीवामृतात बांधावरची मूठभर माती घालावयास सांगतात. त्यांच्या सर्व दाव्यांविषयी विद्वानांत एकमत नाही, पण ही मूठ मला अर्थपूर्ण वाटते. अकोल्यास 1969 साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठामुळे ट्रायकोडर्माचे नावही आता या भागात अपरिचित राहिलेले नाही. ती ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत वाढू द्यावी आणि मग झाडाच्या आळ्यात घालावी. मोरचुदाचे पाणी खोडापुरते ठेवावे, कारण तांबे कुजत नाही, मातीत साठतच जाते. युरोपात त्यावर सात वर्षांत हेक्टरी 28 किलोंची मर्यादा घालावी लागली. आणि ट्रायकोडर्मा व बोर्डो एकाच पंपात ओतणारा बागाइतदार पैसे मोजून विकत आणलेला रखवालदार स्वतःच्या हाताने मारीत असतो.