लिटलने पेड्रोला का ठेवलं?

१६ ऑक्टोबर २००३. यँकी स्टेडियम, निर्णायक सातवा सामना. आठव्या इनिंगला बॉस्टन रेड सॉक्स ५-२ ने पुढे. पण त्यांचा पिचर पेड्रो मार्टिनेझ दमला होता. एक रन गेली, ५-३. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात आला आणि चक्क पेड्रोलाच विचारलं, जमेल ना? तो ‘हो’ म्हणाला. (पेड्रो कधी ‘नाही’ म्हणेल होय!) ११५ चेंडू झाले होते, आणि शंभरीनंतर त्याला मार बसतो हे आकडे संघाकडे होतेच. माझ्या मते भरवसा चुकला नाही, निर्णय खेळाडूवर ढकलणं चुकलं. बघता बघता ५-५. अकराव्या इनिंगला ॲरन बूनचा होमरन, खेळ खल्लास. १९१८ पासून विजेतेपदासाठी तहानलेलं बॉस्टन लिटलवर तुटून पडलं. त्याचा करार वाढवला गेला नाही. २००४ ला टेरी फ्रँकोना मॅनेजर झाला, पेड्रो संघातच होता, आणि वर्ल्ड सिरीज बॉस्टनने जिंकली.