कपारीतली वाट

दिवाळीत आमच्या अंगणात मुले मातीचा किल्ला करतात, तेव्हा वर जायला एक रुंद, वळणावळणाची वाट ठेवतात. ज्याने सिद्धगड पाहिला आहे, त्याला त्या वाटेचे हसू आल्यावाचून राहत नाही.

वीस वर्षांपूर्वी मुरबाडहून म्हशावरून नारिवलीला उतरून मी माचीवर गेलो. तिथवर चांगली पायवाट होती. पुढे बालेकिल्ल्याचा उभा चढ, पायाखाली सुटा घसारा. वाट दाखवायला आलेला वाडीतला म्हातारा मला नेहमीची वाट सोडून एका उभ्या कपारीपाशी घेऊन गेला. जेमतेम अंग शिरेल एवढी ती फट! मी वरचा दगड धरून अंग ओढू लागलो. हात थरथरले आणि मधेच अडकलो. खाली पाहिले आणि तोंडचे पाणी पळाले.

"हाताला जोर देऊ नको, मास्तर," वरून आवाज आला. "पायाला जागा दे. पाठ दगडाला टेक."

पाठ एका भिंतीला, तळवे समोरच्या भिंतीला. मग फट अरुंद झाली तसा पंजा आत घालून मूठ आवळायची, पाऊल आडवे घालून पिळायचे. विद्या एवढीच. पण ती मला माहीत नव्हती, आणि त्या म्हाताऱ्याला श्वासासारखी येत होती.

आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थरावर थर साचले, निवताना आकसले, उभे तडे गेले. त्यांत पाणी शिरून कपारी झाल्या, नाळी झाल्या. वाट पाण्याने केली. माणसाने ती ओळखली.

आणि ज्याने ओळखली त्याचे नाव इतिहासात सहसा येत नाही. १६७० मध्ये तानाजी सिंहगडाचा कडा चढला. त्यातली घोरपड मला कधी पटली नाही. कड्याची नस ठाऊक असलेला कुणीतरी माणूस पुढे असणार. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी रात्री पन्हाळा घेतला. त्या काळोखात पहिले पाऊल कुठे टाकायचे, हे कुणाला ठाऊक होते?

सिद्धगडाला तर अगदी अलीकडचा इतिहास आहे. माथेरानात १९१२ साली जन्मलेले वकील भाई कोतवाल १९४२ मध्ये विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे पुढारी झाले आणि शेवटी याच रानाच्या आसऱ्याला आले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी वेढा घातला. कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात हुतात्मा झाले. स्मारकावर ही दोन नावे आहेत, ती असायलाच हवीत. पण रानातल्या वाटा ठाऊक असलेल्या लोकांवाचून एवढे दिवस कोण लपून राहील?

जॉर्डनमधल्या वाडी रमच्या वाळवंटात वालुकाश्माचे प्रचंड कडे आहेत. टोनी हॉवर्ड हा इंग्रज गिर्यारोहक १९८४ मध्ये तेथे गेला. रानबकऱ्यांच्या शिकारीसाठी बेदुईन त्या कड्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या चढत आले होते, दोराखिळ्यांवाचून. हॉवर्डने आपल्या पुस्तकात त्या वाटा बेदुईनांच्या म्हणूनच नोंदल्या. गोऱ्या माणसाच्या पुस्तकात हा प्रामाणिकपणा पाहून मी वरमलो. कारण सिद्धगडाहून परतल्यावर मी जी कादंबरी लिहिली, तिच्या नायकाला ती कपार मी एकट्यानेच चढू दिली होती. म्हातारा गाळला होता. त्याचे नावही विचारले नव्हते. 'बाबा' म्हणालो की भागत होते.

दोन वर्षांपूर्वी पुन्हा गेलो, मुद्दाम नाव विचारायला. पायथ्याशी भाताचे भारे बांधणाऱ्या एका बाईला म्हटले, "कपारीने वर नेणारे एक बाबा होते. त्यांचे नाव काय?"

तिने भारा खाली ठेवला, जरा विचार केला.

"कंचं बाबा?" ती म्हणाली. "तिथनं तर आमचं समदंच चढायचं."