प्रकाशाच्या मापाने मोजलेला मीटर

१/५
१६ ऑक्टोबर १८३४. लंडनचे संसद भवन आगीत सापडले आणि इंग्लंडचे प्रमाण यार्डही त्यात निकामी झाले. ते नष्ट झाल्यास लंबकाच्या आधारे पुन्हा सिद्ध करावे, असे १८२४ चा कायदा सांगत होता. पण ती पद्धत भरवशाची नसल्याचे दिसून आले. अखेर जुन्या प्रतींवरूनच नवे यार्ड घडवावे लागले.

२/५
१८८९ मध्ये प्लॅटिनम-इरिडियमचा एक दांडा मीटरचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरला. पॅरिसजवळ सेव्र येथे तो जतन झाला. प्रश्न मात्र उरलाच : हाही नष्ट झाला तर?

३/५
उत्तर अल्बर्ट मायकेलसन यांच्या व्यतिकरणमापीत होते. तीत अर्धपारदर्शक काच प्रकाशाचे दोन झोत करते. दोन आरशांवरून परतून ते एकत्र आले, की उजळ व काळे पट्टे उमटतात. एक आरसा अर्ध्या तरंगलांबीने हलला, की एक पट्टा सरकतो.

४/५
१८९२-९३ मध्ये मायकेलसन यांनी सेव्र येथेच कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाने मीटर मोजला. लाखो पट्टे एकेक मोजणे अशक्य. म्हणून दुप्पट-दुप्पट लांबीची नऊ मधली प्रमाणे वापरली. सर्वांत मोठे १० सेंटिमीटरचे. निष्कर्ष : १ मीटर म्हणजे १५,५३,१६३.५ तरंगलांबी.

५/५
१९०७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९६० मध्ये क्रिप्टॉन-८६ च्या १६,५०,७६३.७३ तरंगलांबी हीच मीटरची व्याख्या झाली आणि दांड्याचा अधिकार संपला. १९८३ पासून व्याख्येचा आधार प्रकाशाचा वेग आहे. आता मीटर कोणत्याही आगीत जळू शकत नाही.