खिडकीखालची तीन फूट भिंत

खिडकीखालच्या भिंतीवर सहसा घराचा भार नसतो. वरचं वजन लिंटेल उचलतं आणि दोन्ही बाजूंच्या विटांवर उतरवतं. खालच्या तीन फुटांवर टेकलेली असते ती नुसती चौकट. म्हणून खिडकी काढून तेवढ्याच रुंदीचं दार करायचं, तर गवंड्याला वरची एक वीट हलवावी लागत नाही. खाली दोन उभे काप द्यायचे, विटा काढायच्या, ओल अडवणारा थर उंबऱ्याखाली नीट जोडून घ्यायचा. मी लेस्टरमध्ये घरांच्या फेरबदलांचे नकाशे काढते, आणि सगळ्यात जास्त मागणी याच कामाला असते: मागची खिडकी काढा, फ्रेंच डोअर बसवा, थेट बागेत उतरता आलं पाहिजे. इतकं सोपं काम साध्या इंग्रज घरांत व्हायला विसावं शतक का उजाडावं लागलं, याचं माझं उत्तर भिंतीत नाही, भिंतीमागच्या अंगणात आहे.

हे दार वाढलं फ्रान्समधल्या श्रीमंतांकडे. 1618 च्या सुमारास मार्कीझ द रांबुये या बाईंनी पॅरिसमधला आपला वाडा नव्याने बांधायला घेतला आणि छतापासून जमिनीपर्यंतच्या खिडक्या बागेकडे उघडल्या. चौदाव्या लुईने 1687 मध्ये व्हर्सायच्या आवारात त्रियानोंचा एकमजली संगमरवरी महाल उठवला, तिथे तर दालनातून पाय टाकला की बाग. दोन झडपा, मध्ये खांब नाही, एक मूठ फिरवली की वर-खाली दोन्हीकडे अडकणारा लांब दांडा. आजच्या दारातही याहून वेगळं फारसं काही नाही. (मुंबईत चौदाव्या मजल्यावर बिल्डर जिला फ्रेंच विंडो म्हणतो, तिच्याबाहेर पाऊल ठेवायला जागाच नसते. ती खिडकीच, फक्त भाव दाराचा.)

इंग्लंडमध्ये मात्र वर-खाली सरकणारी खिडकी रुळली होती, आणि तिच्यातून बागेत जायचं तर वाकून जावं लागे. शिवाय कर होता. 1696 पासून 1851 पर्यंत घराच्या खिडक्या मोजून सरकार पैसे घेत असे. त्यावर 1745 पासून काचेवर वजनावारी जकात बसली, ती 1845 पर्यंत उठली नाही. अशा काळात जमिनीपर्यंत काच लावणं म्हणजे पैसा दिसेल असा टांगून ठेवणंच.

ही हौस इंग्रजांना लावणाऱ्यांत माझ्या धंद्यातला एक माणूस होता, हंफ्री रेप्टन. जन्म 1752. तो बागा आखून द्यायचा, आणि गिऱ्हाइकाला पटवायची त्याची रीत मला अजून हेवा वाटावा अशी आहे. लाल कातडी बांधणीच्या वहीत तो जागेचं जलरंगातलं चित्र काढी आणि त्यावर कागदाची एक झडप चिकटवी. झडप खाली असताना आज आहे ते दिसे. उचलली की उद्या होईल ते. मी हेच काम संगणकावर करते, आणि माझं गिऱ्हाईक तितक्या लवकर हो म्हणत नाही. रेप्टनचा दर दिवसाला पाच गिनी, अशी नोंद जेन ऑस्टिनने ‘मॅन्सफील्ड पार्क’ या 1814 च्या कादंबरीत पात्राच्या तोंडून करून ठेवली आहे.

रेप्टनच्या आधीच्या पिढीने हिरवळ घराच्या भिंतीपर्यंत आणून भिडवली होती. माणसं काचेआड बसून ती बघत. रेप्टनने घराजवळ पुन्हा फरसबंद गच्ची आणली, फुलांचे वाफे आणले, खोलीला लागून काचगृह आणलं. 1816 च्या आपल्या शेवटच्या पुस्तकात त्याने दोन खोल्या शेजारी शेजारी छापल्या: एक जुनी, लाकडी तक्तपोशीची, पाहुणे गोल करून अवघडून बसलेले, दुसरी नवी, झाडांच्या काचगृहाकडे खुली, माणसं ऐसपैस विखुरलेली. ते पुस्तक लिहिताना तो स्वतः चाकांच्या खुर्चीत होता. 1811 मध्ये गाडीच्या अपघातात त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली होती. खुर्चीतल्या माणसाच्या हाताला यावेत म्हणून उंच उचललेले वाफेही त्याने याच पुस्तकात सुचवले. उंबरठा ज्याला अडवतो, त्यालाच त्याची उंची कळते.

आपला धागा इथेच जुळतो. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावून परतलेल्या सर चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या भावाने ग्लॉस्टरशरमध्ये सेझिनकोट नावाची घुमटाची हवेली 1805 च्या सुमारास बांधायला घेतली, आणि तिथे सल्ल्याला रेप्टन होता. हिंदुस्थानात राहून आलेल्या साहेबांना व्हरांड्याची चटक लागलेली होती. खोलीची चार-सहा दारं व्हरांड्यात उघडतात आणि दुपारची झळ बाहेरच अडते, हे त्यांनी आपल्या उन्हात शिकून घेतलं होतं. इंग्लंडात झळ कुठली! पण चेल्टनम, ब्रायटनकडे लोखंडी जाळीचे नाजूक व्हरांडे उभे राहिले, आणि व्हरांडा आला की त्याच्याकडे उघडणारी फ्रेंच विंडोही (म्हणजे हेच दार) आली. बाथसारख्या शहरात तर आधीच बांधलेल्या घरांच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांचे तळ खाली कापून घेतले गेले. आम्ही आज करतो तेच काम. ‘पर्सुएशन’ कादंबरीत गावच्या जमीनदाराच्या मुलासाठी शेतघर सुधारून घेतात, तेव्हा ऑस्टिनबाई व्हरांडा आणि फ्रेंच विंडो जोडीनेच मांडतात, जरा नाक मुरडून.

हे सगळं समोरच्या किंवा बागेच्या बाजूचं, आणि खाऊनपिऊन सुखी घरांतलं. लेस्टरच्या चाळवजा विटांच्या रांगांत मागची बाजू म्हणजे काय होतं? बर्मिंगहॅममध्ये हर्स्ट स्ट्रीटवर नॅशनल ट्रस्टने पाठीला पाठ लावून बांधलेली जुनी घरं जपली आहेत, ती बघून या. त्या घरांना मागची बाजूच नाही. तिन्ही अंगांना दुसऱ्यांच्या भिंती. अशी नवी घरं बांधायला 1909 च्या कायद्याने बंदी घातली. त्याआधीच 1875 च्या आरोग्य कायद्यानंतर बऱ्याच शहरांनी नियम केले, आणि तिथे प्रत्येक नव्या घरामागे थोडी उघडी जागा सक्तीची झाली. पण ती जागा हवेसाठी आणि मैल्यासाठी. संडास तिथे, कोळशाची खोली तिथे, धुण्याची दोरी तिथे.

माझ्या शेजारच्या आजी मोज्यांच्या कारखान्यात उमर काढलेल्या. त्यांच्या लहानपणी पत्र्याचा न्हाणीचा टब अंगणातल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला असे, आणि हिवाळ्यात संडासात पाइप गोठू नये म्हणून रॉकेलचा दिवा जळत ठेवत. दोन घरांमधल्या बोळातून कोळसेवाला पोती पाठीवर घेऊन येई. मी त्यांना विचारलं, मागच्या खोलीला काचेचं दार असावं असं कधी वाटलं नाही का? त्या हसल्या. “अगं, बघायचं काय होतं तिथून? संडास?”

बदलायला सुरुवात झाली पहिल्या महायुद्धानंतर. 1918 च्या ट्यूडर वॉल्टर्स समितीने शहरात एकरी बारापेक्षा जास्त घरं नकोत असं सुचवलं, आणि मागे खरी बाग शक्य झाली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनमध्ये सुमारे 40 लाख घरं उठली. त्यांतल्या जोडघरांत मागच्या जेवणाच्या खोलीला काचेच्या दोन झडपा आणि बाजूला उभ्या खिडक्या हा बिल्डरांचा आवडता नमुना. एसेक्समधल्या क्रिटॉल कंपनीची बारीक लोखंडी चौकट तेव्हा जोरात होती. नाटकवाल्यांनी तर या दाराचा पार पिट्टा पाडला. नोएल कॉवर्डच्या ‘ब्लिथ स्पिरिट’मधल्या दिवाणखान्यालाही ते आहेच.

जुन्या रांगांना मात्र अजून थांबावं लागलं. 1956 च्या स्वच्छ हवा कायद्याने शहरांतला धुरकट कोळसा आवळला, पुढे उत्तर समुद्रातला गॅस आला, सरकारी अनुदानातून संडास-न्हाणी घरात आली. मागचं अंगण मोकळं झालं ते तेव्हा. नेमक्या त्याच सुमारास पिल्किंग्टन कंपनीने सेंट हेलेन्समध्ये वितळलेल्या कथिलावर काच तरंगवायची युक्ती काढली (जाहीर झाली 1959 मध्ये), आणि मोठी सपाट काच सामान्यांच्या आवाक्यात आली. मग सरकत्या अ‍ॅल्युमिनियमची लाट, तिच्यामागून पांढऱ्या प्लॅस्टिक चौकटींची. या पांढऱ्या चौकटी मला कुरूप वाटतात, पण गळत नाहीत, हे कबूल केलं पाहिजे.

इथे जुनं घर घेणाऱ्या मराठी मंडळींना एवढंच सांगते. तुमचं घर 1930 च्या आसपासचं असेल, तर मागच्या खिडकीवर लिंटेल असेलच असं धरून चालू नका. त्या काळी बाहेरच्या विटांचा भार पुष्कळदा लाकडी चौकटीवरच सोडलेला आहे. तिथे हलकी प्लॅस्टिक चौकट घातली की वरच्या विटा बसतात आणि भिंतीला जिन्यासारखी तिरकी भेग जाते. खिडकी काढण्याआधी बाहेरच्या विटांखाली लिंटेल आहे का ते बघून घ्या, आणि नसेल तर आधी ते घालून घ्या. खिडकीचं दार करायला नगरपालिकेच्या बांधकाम विभागाची मंजुरी लागते का, तेही आधीच विचारा. घर विकताना वकील तो कागद मागतो.